चौथं रूप

प्रिय घुम्या,

तुझी ओळ मिळाली. बाबा गेल्याचं मी कळवलं, त्यावर बऱ्याच दिवसांनी तू एवढंच लिहिलंस, की त्या दिवशी मी फोन ठेवल्यावर ते काही बोलले का. ताई कशी आहेस नाही, शेवटी जवळ कोण होतं नाही. आईने तुझं नाव घुम्या उगाच नाही ठेवलं. या ओळीला एका ओळीत उत्तर देता आलं असतं, मोबाइलवर, दोन बोटांनी. दिलं नाही. नुसतं हो म्हटलं असतं तर काय बोलले म्हणून विचारलं असतंस, आणि जे बोलले ते जसंच्या तसं कळवलं असतं तर तू भडकला असतास, की म्हातारा गेला तरी ताई अजून त्याच्याच खेळात आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते. फोन तू मधेच ठेवतोस. पत्र ठेवलंस तरी ते तिथेच पडून राहील आणि कधीतरी पुन्हा उचलशील. पोचायला वेळ लागेल, लागू दे. आता घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही.

बाबा सकाळी दाढी करता करता पडले. मी लॅबमध्ये होते, एका बाईंच्या वरच्या कवळीला पॉलिश करत. नळ वाहतोय आणि कुणी बंद करत नाही म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, त्यांनी फोन केला. मी पोचले तेव्हा त्यांच्या अर्ध्या गालाला फेस तसाच होता आणि तो वाळून कडक झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आपण म्हणतो ते त्यांना समजायचं, पण तोंडातून जे निघायचं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर दिवसा मालवाहतुकीच्या कचेरीत परक्या भाषेतले कागद उलथेपालथे केले आणि संध्याकाळी रंगाच्या दुकानावरच्या खोलीत स्पॅनिशचे वर्ग घेतले, त्याला पाणी हवंय हे सांगायला बोट ओठाशी न्यावं लागत होतं. पहिल्या आठवड्यात ते रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला बघवलं नाही, मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले आणि त्यांचं आटोपल्यावर आत गेले. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं, म्हणजे तुझ्या त्या यंत्रातल्या बाईला सांगितलं होतं, जी बीप वाजल्यानंतर बोला म्हणते. ती जे म्हणते ते मला कळतं बरं का. बाबांची मुलगी आहे मी.

दवाखान्याच्या वॉर्डमध्ये एक बाई यायची, रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवणारी. बाई कसली, पोरगीच, पण कामाची पक्की. तिने मला समजावलं, की माणूस विचार करून बोलतो ते एका जागी असतं आणि नुसतं पाठ असलेलं दुसऱ्या जागी. पहिली जागा गेली तरी कधीकधी दुसरी शाबूत राहते. म्हणून ती त्यांच्यासमोर बसून एक, दोन, तीन म्हणायची आणि थांबायची, आणि बाबा चक्क चार म्हणायचे. पाणी म्हणता येत नव्हतं, पण चार म्हणता येत होतं. मग वार, मग महिने. एके दुपारी ती सोमवार, मंगळवार करत होती. बाबांनी डाव्या हाताने ते सगळं बाजूला सारल्यासारखं केलं आणि स्वच्छ, वर्गात म्हणायचे तसं, म्हणाले: ओहाला के मे लेबान्ते. पोरगी माझ्याकडे बघायला लागली, हे काय म्हणून. मी पुढे सरकून बसले. कारण तू घर सोडलंस त्या शेवटच्या जेवणानंतर ते शब्द मी आमच्या घरात ऐकले नव्हते, आणि घरात म्हणजे जगातच.

आता तू म्हणशील मला नाही आठवत, म्हणून लिहिते. वाचायचं नसेल तर हा परिच्छेद सोड. रात्रीचं जेवण झालं की टेबलावरून कुणी असंच उठायचं नाही, आधी क्रियापदाचा फेरा करायचा. लोकांकडे जेवणानंतर फळं कापतात, आपल्याकडे क्रियापद चालवायचं. रोज तेच, उठण्याचं, कारण उठायचंच असायचं. बाबांच्या वर्गात नव्या आलेल्यांना हे रूप म्हणजे डोंगर वाटायचा, आपल्याला ते पाणी प्यायल्यासारखं यायचं. लेबान्तार म्हणजे दुसऱ्याला उचलणं. त्याला शेवटी से जोडलं की आपलं आपण उठणं. आणि पुढे ओहाला, म्हणजे असं व्हावं, हे लावलं की झालेल्या गोष्टीची गोष्टच संपली: जे अजून झालेलं नाही, होईलच असंही नाही, पण कुणाला तरी मनापासून व्हावंसं वाटतंय, त्याच्यासाठी ही निराळी रूपं. पहिलं बाबांचं, मे लेबान्ते, मी उठावं. दुसरं आईचं, ते लेबान्तेस, तू उठावंस, आणि आई ते असं म्हणायची की जणू मीठ संपलंय हे सांगतेय. तिसरं माझं, से लेबान्ते, तिने उठावं. चौथं तुझं, कारण तू सगळ्यात शेवटी आलास आणि तुझ्या येण्याने आपण झालो असं बाबा म्हणायचे. नोस लेबान्तेमोस, आपण उठावं. उरलेली दोन सगळ्यांनी मिळून, भरभर, खुर्च्या मागे सारता सारता. ओस लेबान्तेइस, तुम्ही उठावं, से लेबान्तेन, त्यांनी उठावं, की सुटलो. तू लहानपणी तुझं रूप इतक्या जोरात म्हणायचास की काकू खालून काठीने छत ठोकायच्या.

आणि एक नियम होता. कुणी अडलं तर त्याला सांगायचं नाही. वर्गातही हाच नियम. एखादा विद्यार्थी घामाघूम झाला तरी बाबा खडू हातात धरून उभे राहायचे, शेजारचा कुजबुजायला लागला की डावा हात वर करायचे. त्याचं तो म्हणेल. त्यांचे जुने विद्यार्थी भेटायला आले होते दवाखान्यात, त्यातला एक आता स्वतः शिकवतो, तो म्हणाला की सरांइतकं थांबणारा माणूस मी पाहिला नाही, आम्ही त्यांना त्यासाठी शिव्या द्यायचो. मला वाटतं तूही दिल्यास, आणि तुझ्याकडे कारण होतं. ते मी नाकारत नाही.

त्या दिवशीच्या जेवणाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही, तर आता बोलू. स्पॅनिश बोलणाऱ्या त्या देशातल्या, माशांच्या एका मोठ्या शीतगृहात यंत्रं सांभाळायचं काम तुला लागत होतं. त्यांना पाठवायचं पत्र तू स्वतः, त्यांच्या भाषेत, कुणाला न विचारता लिहिलं होतंस आणि टेबलावर बाबांच्या हातात दिलंस. तुझे कान लाल झाले होते, मी शेजारीच बसले होते. दुसरा बाप असता तर पोटाशी धरला असता. आपल्या बापाने खिशातून लाल पेन्सिल काढली. जेवणाच्या टेबलावर, मोठ्याने वाचत, एकेक चूक काढत गेले, आणि शेवटी म्हणाले की हे पाठवलंस तर तिथे तुझं हसं होईल, त्यापेक्षा मी जातो. ते हसतच म्हणाले, पण कुणीच हसलं नाही. कारण त्यातलं शेवटचं खरं होतं. ज्या देशाची भाषा त्यांनी अख्खं आयुष्य शिकवली तो देश त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि तू, ज्याला लेबान्ते म्हणताना ब ऐवजी व म्हणू नको हे हजारदा सांगावं लागायचं, तो तिथे राहायला निघाला होतास. त्यांना तुझा हेवा वाटला. मला ते तेव्हाच दिसलं, आईलाही दिसलं. मग ते कागद बाजूला ठेवून, काही झालंच नाही अशा थाटात, त्यांनी फेरा सुरू केला. मे लेबान्ते. आईने आपलं म्हटलं, मी माझं म्हटलं. तू म्हटलं नाहीस. बाबा थांबले. आईला ती शांतता सोसेना, तिने तुझं रूप म्हणायला नोस एवढा आवाज काढला, आणि बाबांनी चमचा उजव्या हातात होता म्हणून डावा हात वर केला. त्याचं तो म्हणेल. तू उठलास, खुर्ची उलटी पडली, तू गेलास. पत्र तसंच, लाल खुणांसकट, घेऊन गेलास. आणि त्याच्यावर तुला काम मिळालं हेही आम्हाला दुसऱ्याकडून कळलं.

तू गेल्यावर टेबलावरून कुणीच उठलं नाही. ताटं वाळली. शेवटी आई उठली, तिच्या मनाविरुद्ध, आणि भांडी आवरायला लागली. त्यानंतर आमच्या घरात फेरा झाला नाही. जेवण झालं की बाबा तसेच बसून राहायचे, मी आणि आई उठून गेल्यावर मागाहून उठायचे. आई गेली तेव्हा तू आला नाहीस. आलो असतो तर त्यांचं तोंड बघावं लागलं असतं, असं तू मावशीला सांगितलंस. मावशीने ते लगेच मला सांगितलं, मावशीचं काय सांगावं. बाबांना मी सांगितलं नाही, पण त्यांना कळायला सांगावं लागत नसे.

तर वॉर्डात ते पहिल्यांदा मे लेबान्ते म्हणाले, आणि लगेच, आवाज बदलून, वैतागल्यासारखं, आईच्या सुरात, ते लेबान्तेस. मला हसू आलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी माझं म्हटलं, से लेबान्ते. आणि मग काही नाही. ते गप्प. पोरगी कौतुकाने बघत होती, तिने खूण केली की पुढचं त्यांना म्हणू द्या. आम्ही थांबलो. बराच वेळ गेल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून लागले, आणि पुन्हा तिसऱ्यापाशी थांबले. रोज हेच. सकाळी मी कामावर जायच्या आधी, संध्याकाळी परत आल्यावर. पोरगीने लिहून ठेवलं की चौथ्या रूपाशी अडतात. तिचं म्हणणं, तेवढा तुकडा पुसला गेला असावा. पण तो तुकडा पुसला गेला असेल तर पुढचे दोन तरी यावेत ना, असं तीच म्हणायची आणि डोकं खाजवायची.

आणि आता माझा शहाणपणा ऐक. मला वाटलं दोष कवळीचा आहे. हसू नकोस. जन्मभर लोकांचे दात करणाऱ्या बाईला आणखी काय वाटणार? बाबांची कवळी मीच केलेली, झटक्यानंतर ते इतके वाळले की हिरड्या आटल्या, कवळी सैल झाली, त्यात उजवा ओठ लटकलेला. मला वाटलं नोस म्हणायला जीभ वरच्या दातांच्या मागे जिथे टेकावी लागते तिथे पट्टी जाड होतेय, म्हणून ते अडतात. मी कवळी लॅबमध्ये नेली, आतून नवा थर दिला, टाळूकडची बाजू कागदासारखी पातळ घासली. आमचे मालक म्हणाले, एवढी पातळ केलीस तर चिरेल. मी म्हटलं, त्यांना आता काही चावायचं नाहीये, नळीने जेवतात. दुसऱ्या दिवशी बसवली. मे लेबान्ते, ते लेबान्तेस, मी, आणि पुन्हा गप्प. मी पुन्हा नेली, पुन्हा घासली. कवळी घासत बसलं की निदान हाताला काम होतं. खाटेशेजारी नुसतं बसून राहणं मला कधी जमलं नाही.

मग मी एक जुनी युक्ती केली. कवळीच्या टाळूला पांढरी भुकटी लावायची, माणसाला शब्द म्हणायला लावायचा, आणि कवळी काढून बघायची. जिथे जीभ टेकली तिथली भुकटी पुसलेली असते. मी भुकटी लावली, कवळी बसवली, आम्ही फेरा केला. ते तिसऱ्यापाशी थांबले. कवळी काढून खिडकीपाशी नेली. लेबान्तेमधला न जिथे लागावा तिथे, दातांच्या अगदी मागे, भुकटी नीट पुसलेली होती. जीभ आपल्या जागी जात होती. लेबान्ते म्हणता येतं त्याला नोस म्हणता येणारच. माझी कवळी निर्दोष होती आणि बाबांची जीभही. खिडकीपाशी ती कवळी हातात धरून मी उभी राहिले आणि माझं डोकंच चालेना. त्यांना म्हणता येत नव्हतं असं नव्हतंच. ते म्हणत नव्हते.

मी परत येऊन बसले, कवळी बसवली आणि फेरा पुन्हा सुरू करायला लावला. माझं रूप म्हणून झाल्यावर या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले नाही, ते कुठे बघतात ते पाहिलं. आठवत नसलं की माणूस वर बघतो, नाहीतर डोळे मिटतो. बाबा माझ्या डाव्या बाजूला बघत होते, खाटेशेजारच्या मोकळ्या स्टुलाकडे. टेबलावर तू माझ्या डाव्या बाजूला बसायचास. मी हळूच नोस म्हटलं. आणि त्यांचा डावा हात वर आला. तसाच, तळवा बाहेर, जसा त्या दिवशी आईसाठी आला होता. ते अडले नव्हते रे. ते थांबले होते. तुझ्यासाठी.

त्यानंतर मी तुला किती फोन केले ते तुझ्या यंत्राला माहीत. निरोपात मी ये, ये एवढंच म्हणत होते, खरं कारण यंत्राला सांगायची मला लाज वाटली. मधल्या काळात मी काय नाही केलं. तुझं रूप मी म्हणून पाहिलं, मोठ्याने, तुझ्यासारखं ओरडून. हात वर. पोरगीकडून म्हणवलं. हात वर. त्या जुन्या विद्यार्थ्याला स्टुलावर बसवलं, तो बिचारा सुरेख म्हणाला, ब अगदी जिथल्या तिथे. बाबांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, शाबास अशी, आणि हात वर केला. मी चिडले. त्यांच्यावर चिडले. अंग पुसणारी मी, कूस बदलणारी मी, आणि ज्याची वाट बघायची तो समुद्रापार मासे थंड करतोय. एकदा तर मी त्यांना म्हटलं, तो येणार नाही बाबा, पुढे चला. त्यांनी ऐकलं, आणि पहिल्यापासून सुरू केलं. डॉक्टरांनी तोवर सांगितलं होतं की छाती भरत चाललीये, फार लांबणार नाही.

आणि मग एका दुपारी तू फोन उचललास. मी बोललेच नाही काही, तू ठेवशील या भीतीने बाबांशी बोल एवढंच म्हटलं, आवाज मोठा करून फोन त्यांच्या कानाशी धरला. मलाही ऐकू येत होतं. तुझ्या मागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं, कुणीतरी त्या भाषेत कुणाला तरी हाक मारत होतं, इतकं भरभर की मला एक शब्द लागला नाही. बाबांना लागला असावा, त्यांचे डोळे मोठे झाले. मग ते म्हणाले, ओहाला के मे लेबान्ते. ते लेबान्तेस. मी माझं म्हटलं. आणि मग तुझी वेळ होती. तू श्वास घेतलेला मला ऐकू आला. तू तिथे होतास. ते थांबले, तू गप्प, ते थांबलेलेच. मी त्यांच्याकडे बघत मनातल्या मनात तुझे पाय धरत होते, की म्हण, एवढं एकदा म्हण, व म्हण, ब म्हण, काहीही म्हण. तू फोन ठेवलास. तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. म्हातारा मरायला टेकला तरी परीक्षा घेतोय. मला ठाऊक नसतं तर मीही ठेवला असता.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. फोन बंद झाल्याचा तो टूं टूं आवाज आला, मोठा, त्यांनाही ऐकू गेला, यात शंका ठेवू नकोस. मी फोन काढून घ्यायला लागले, तर त्यांनी डाव्या हाताने तो कानाशी धरून ठेवला. थोडा वेळ तसाच. मग फोन चादरीवर ठेवला आणि म्हणाले, ओस लेबान्तेइस, से लेबान्तेन. भरभर, दोन्ही एका दमात, सगळे मिळून म्हणायचो तसं. म्हणता म्हणता खाटेवर आडवं लावलेलं ते चाकांचं टेबल त्यांनी हाताने ढकललं. ते घरंगळत जाऊन शेजारच्या खाटेला आपटलं, माझा पाण्याचा पेला पडला, नर्स रागावली. मी पेला उचलून ठेवला. तू एक अक्षर बोलला नाहीस, आणि त्यांनी तेच तुझं चौथं रूप म्हणून धरलं. इतके दिवस मी म्हटलेलं त्यांना चाललं नाही, तुझा नुसता श्वास चालला. याचा मला राग आला, घुम्या, अजून आहे, आणि म्हणूनच तुझ्या एका ओळीला उत्तर द्यायला मला इतके दिवस लागले. हे माझ्याकडेच राहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

त्यानंतर त्यांनी फेरा केला नाही. मी सुरू करायची, मे लेबान्ते, ते माझ्याकडे बघायचे आणि गप्प राहायचे. पोरगीला वाटलं तब्येत ढासळली म्हणून तेवढंही गेलं. ढासळली होतीच. पण मी इतकी वर्षं माणसांची तोंडं बघतेय, आवळलेला जबडा आणि सुटलेला जबडा मला न बोलता कळतो. तू गेलास तेव्हापासून बाबा दात आवळून झोपायचे, कवळीच्या डाव्या दाढा दर वर्षी झिजायच्या आणि मी बदलायची. त्या दुपारनंतर जबडा सैल होता. तुझा नाद सोडला असता तर तो आवळलेलाच राहिला असता, हे मी माझ्या कामावर हात ठेवून सांगते. मी लॅबमध्ये असताना, सकाळी, नर्सा पाळी बदलत होत्या तेव्हा ते गेले. जवळ कुणी नव्हतं. कवळी त्यांच्यासोबत दिली नाही, माझ्याकडे आहे.

तुला ये म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. यायचं तर ये, स्वयंपाकघरात टेबल आहे, तुझी खुर्चीही आहे, तिच्यावर त्यांनी कधी कुणाला बसू दिलं नाही. लिहिलं ते एवढ्यासाठी, की फोन ठेवल्यावर ते काही बोलले का हे विचारणारा माणूस, मी ओळखते त्याला, उत्तर आलं नाही तर जन्मभर कानाशी फोन धरून बसेल. तसा बसलेला एक माणूस मी पाहिलाय, दुसरा मला बघायचा नाही. तुझं रूप तू म्हटलं नाहीस हे खरं, ते मी खोडणार नाही. पण फेरा पुरा झाला. त्यांनी केला, तुझ्यासकट, आणि सगळ्यांना सोडलं. त्या टेबलावरून तू नुसता पळून गेला होतास, उठला नव्हतास. आता ऊठ. मला किंवा दुसऱ्या कुणाला ते तुझ्यासाठी करता येणार नाही, मी करून पाहिलंय.

तुझीच,
ताई